धीर द्यायला येणारी माणसं

आजाऱ्याच्या घरी रोज जाऊन बसा, किस्से आपोआप साठतात. मी तर दहा महिने बसले!

चोपड्याला आमच्या चर्चच्या गल्लीत सॅम्युएलभाऊ आणि रूथअक्का राहतात. भाऊ रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "वाचा येईल, कदाचित नाहीही येणार. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी." अक्का बोलत राहिल्या. मी रिटायर्ड नर्स, म्हणून गोळ्या आणि व्यायाम माझ्याकडे. आजाराचं आम्ही निभावलं असतं हो, पण धीर द्यायला येणाऱ्यांनी जीव नकोसा केला!

*

दुसऱ्याच आठवड्यात धुळ्याहून एक बंधू प्रार्थनेला आले. पलंगाकडे बघून मान हलवली. "अक्का, घरात एखादं लपवलेलं पाप आहे का?"

माझं डोकंच फिरलं. माणूस समोर आडवा पडलाय आणि यांना पाप शोधायचंय!

अक्का शांतपणे म्हणाल्या, "आहे ना. साखर संपलीय, ते तुमच्यापासून लपवलं."

बंधू बिनसाखरेचा चहा पिऊन गेले.

*

मग एक ताई आल्या. "विश्वास आहे ना? मग बीपीच्या गोळ्या कशाला?" असं म्हणून चक्क स्ट्रिप उचलली आणि पर्समध्ये टाकली!

मी म्हटलं, "ताई, आधी तुमचा चष्मा काढा. दाराजवळचं ते कॅलेंडर वाचून दाखवा. मग बंद करू गोळ्या."

स्ट्रिप परत मिळाली. ताई अजून चर्चमध्ये भेटल्या तरी मला सलाम करत नाहीत. नका करू!

*

सगळ्यात संताप आला तो वरणगावच्या चुलतभावाचा. भाऊंच्या उशाशी बसून, त्यांच्याच देखत विचारतो, "वहिनी, शवपेटी इथं मिळायची नाही. जळगावला सांगून ठेवू का?" आणि डोक्यापासून पायापर्यंत नजरेनं मापही घेतलं मेल्यानं!

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का एरवी पाहुण्यांशी शुद्ध बोलतात. त्या दिवशी गल्लीला ऐकू जाईल अशा अहिराणीत कडाडल्या, "त्यासनी वाचा गई, कान शेतस अजून! बठ्ठं ऐकू येस त्यासले!"

तो गेल्यावर आम्ही व्यायाम दोनदा घेतला.

*

एकदा मी न राहवून विचारलं, "अक्का, देवाचा राग नाही येत?"

"येतो की, सिस्टर. नवऱ्याशी आता भांडता येत नाही, म्हणून रोज सकाळी देवाशीच भांडते. म्हणते, उद्या पण येणार आहे मी, कंटाळू नकोस!"

आणि खरंच, एक सकाळ चुकवली नाही बाईनं.

*

मागच्या महिन्यात जळगावचे एक नावाजलेले प्रचारक आले. भाऊंचं डोकं दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायला लागले. "बोल! विश्वासानं बोल!"

मी ओरडले, "अहो, मान लचकेल!" ऐकतंय कोण! "बोल म्हणतो ना! बोल!"

आणि भाऊ बोलले. दहा महिन्यांत पहिल्यांदा. गाडीला आडव्या येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना घालायचे ना, ती शिवी. आई-बापासकट, एक अक्षर न अडखळता!

प्रचारक भिंतीला टेकले. अक्का धाडकन गुडघ्यांवर. "हालेलुया!" हसत काय होत्या, रडत काय होत्या!

रविवारी उपासनेत अक्का साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांपुढे सांगायचं, ती साक्ष. आमच्याकडे शिस्त अशी, की साक्षीत एक शब्द गाळायचा नाही आणि एक घालायचा नाही. पाळकसाहेबांना भाऊ बोलले एवढंच कळलं होतं, काय बोलले ते नाही. खुशीत माईक पुढे केला. "सांगा अक्का, भाऊंच्या तोंडून पहिला शब्द कोणता आला?"

मी पदर तोंडात कोंबला.

अक्कांनी सांगितलं. जशीच्या तशी. माईकवर.

पाळकसाहेबांचा हात तसाच हवेत. मग पहिल्या बाकावरून पाळकीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "आमेन!"