सहलीच्या यादीत नसलेले नाव

अकोले तालुक्याच्या रानातल्या धबधब्यावर एका दिवसासाठी जाण्याचा बेत ठरला, तेव्हा मी पत्नीशी खोटे बोललो आणि ते अनेक वर्षे लपवून ठेवले. शेजारच्या घरातून तव्यावरच्या दशमीचा दुधाळ, खरपूस वास आला की ती संध्याकाळ आजही समोर उभी राहते. आमच्या शाळेतले चार शिक्षक सपत्नीक निघणार होते, जीप सांगून झाली होती आणि यादी माझ्याच हाती होती. तीत मी तिचे नाव घातले नाही. ती पाथर्डीकडच्या खेड्यातली. तिच्या बोलण्याला बाकीच्या बायका हसतील, अशी मला धास्ती होती. "आम्ही फक्त पुरुषच चाललो आहोत," मी सांगितले. दुधात पीठ मळणारे तिचे हात क्षणभर थांबले. "मंग दशम्या जास्त करते. गडीमानसं लई खात्यात. अन् तुमी कडंला जाऊ नका, पाय घसरतो." दुसऱ्या दिवशी ओल्या खडकांवर बसून त्या बायकांनी दशम्या वाटून घेतल्या. "वहिनी का नाही आल्या?" एकीने विचारले. "तिला ताप आहे," मी म्हणालो. घरी परतलो, तेव्हा टॉवेल पुढे करत ती म्हणाली, "पानी लई उंचावरून पडतं का हो?" मी नुसती मान हलवली. गेल्या वर्षी अर्धांगवायूने तिची वाचा गेली. परवा तिला भरवताना चमचा खाली ठेवून मी म्हणालो, "त्या सहलीला बायका आल्या होत्या. मला तुझ्या बोलण्याची लाज वाटली होती. मला माफ कर."