एका दिवसाच्या मुलांच्या बाई

आमच्या धक्क्यावरच्या शाळेत एखादं मूल सलग तीन दिवस दिसलं, तर ते जुनं समजायचं. सगळी बार्जवरची, म्हणजे नदीतल्या मालवाहू बोटींवरची मुलं. बाप धान्य उतरवायला थांबायचा, तेवढीच त्यांची शाळा. माल उतरला की गणित अर्धं सोडून चालती. पुढचा धडा पुढच्या बंदरात, दुसऱ्या बाईंकडे.

शाळा म्हणजे एक लाकडी खोली, आमच्या गोदामाच्या भिंतीला टेकलेली. मी उभा जन्म त्या गोदामात धान्य ओढलं. आधीच्या मास्तरांचा आवाज भिंतीतून पार वजनकाट्यापर्यंत यायचा. रोझेबोमबाई आल्या आणि भिंत गप्प झाली. मला वाटलं, बाई काम करत नाहीत.

आल्त्ये रोझेबोम हे त्यांचं पूर्ण नाव. शेतकऱ्याची मुलगी, हाडापेरानं मोठ्या, एकट्या राहायच्या. धक्क्यावर लाकडी बूट घालून चालायच्या, त्यामुळं चिखलाचं त्यांना काही वाटायचं नाही. नवं मूल आलं की अर्धी सकाळ त्याला नुसतं फिरू द्यायच्या आणि स्वतः बुटक्या स्टुलावर बसून बघायच्या. मी एकदा कॉफीच्या वेळी विचारलं, की बसण्याचा पगार मिळतो का. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "हेसल, तुम्ही बार्जचं झाकण उघडल्या उघडल्या फावडं घालता का?"

मी म्हणालो, धान्य पळून जात नाही. तुमची पोरं उद्या नसतील.

"म्हणूनच घाई करून चालत नाही," त्या म्हणाल्या. "एकच दिवस मिळतो. तो चुकीच्या जागी खणण्यात गेला तर?"

मला ते तेव्हा पटलं नाही. पण हळूहळू त्यांचं काम दिसायला लागलं. त्यांच्याकडं पुठ्ठ्याची खोकी होती. एका खोक्यात एका दिवसाचं शिक्षण, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. उरलेलं उद्या, असं त्यात काही नसायचं. वजनमाप शिकवायला आमच्या जमिनीवरचं सांडलेलं धान्य झाडून न्यायच्या. नदीचा नकाशा भिंतीवर टांगायच्या नाहीत. जमिनीवर पसरायच्या, खऱ्या नदीच्या दिशेला धरून, आणि मुलांना त्यावरून मोजे घालून चालायला लावायच्या. खोकी स्वतः कापायच्या, स्वतः चिकटवायच्या. फाटलं की पुन्हा. शाळा बंद होईपर्यंत त्या इथंच राहिल्या. दुसऱ्या शाळेत त्यांना रोजची मुलं मिळाली असती. त्या गेल्या नाहीत.

फेना पहिल्यांदा आली ती शरद संपता संपता. रुलोफ आणि ग्रीट यांची एकुलती एक मुलगी. त्यांच्या बार्जचं नाव 'नवी काळजी'. असली नावं आमच्या पाण्यावर चालतात, कुणी हसत नाही. फेना आठ वर्षांची होऊन गेली होती आणि तिला धड वाचता येत नव्हतं. शिक्षण खात्यानं सांगून ठेवलं होतं, की ईस्टरपर्यंत वाचायला आली तर ठीक, नाहीतर शहरातल्या वसतिगृहात. तिथून मूल सुट्टीपुरतं आईबापाकडं येतं. ग्रीटनं हे शाळेच्या दारात उभं राहून सांगितलं. मी शेजारी कोळसा ओतत होतो. ती रडली नाही, पण हातातली टोपली तिनं खाली ठेवलीच नाही. रुलोफचं म्हणणं वेगळं होतं. मी तिथंच वाढलो, मेलो नाही, असं तो म्हणायचा.

फेना एक ओळ वाचायची. बरी वाचायची. मग मान वर. मान खाली आली की तीच ओळ पुन्हा, नाहीतर तीन ओळी सोडून खालची. मग सगळं घोटाळ्यात. प्रत्येक बंदरातल्या बाईंनी ग्रीटला एकच सांगितलं होतं, पोरीचं लक्ष नाही. एकीनं तिला खिडकीपासून उठवून भिंतीकडं तोंड करून बसवलं. ती भिंतीकडं मान वर करायला लागली.

रोझेबोमबाईंना याचंच नवल वाटलं. खिडकीकडं बघणारं मूल त्यांना ठाऊक होतं. भिंतीत बघण्यासारखं काय आहे? फेनाला विचारलं तर ती म्हणाली, मी कुठं वर बघते? तिला खरंच माहीत नव्हतं. मग बाईंनी वाचन बाजूला ठेवलं आणि तिला शिवायला दिलं. चार टाके की मान वर. दुपारी आमच्या गोदामातून गेलेलं वाटाण्याचं सूप. मी भांडं परत न्यायला गेलो, तर बाई दारातच मला म्हणाल्या, "सूप पितानासुद्धा. दर दोन चमच्यांनी." एखाद्याला वाटेत नाणं सापडावं तसा त्यांचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी 'नवी काळजी' निघून गेली.

ती परत आली नव्या वर्षात. रुलोफच्या खलाशाचं मनगट मोडलं होतं, म्हणून कालव्याच्या लॉकपर्यंत, म्हणजे बोटी वरखाली करणाऱ्या पाण्याच्या दरवाजापर्यंत, हात द्यायला मी चढलो. सुटायच्या वेळी बाई धक्क्यावर आल्या, बूट हातात घेऊन. शनिवार होता. म्हणाल्या, मलाही न्या, मी परतीला सायकलवाल्या लॉकमास्तरांबरोबर येईन. रुलोफनं खांदे उडवले.

नदीवर धुकं होतं. रुलोफ सुकाणूवर, फेना त्याच्या शेजारी उलट्या बादलीवर बसून बटाटे सोलत होती. बाई कोपऱ्यात. फेना बटाट्यात गुंतली की रुलोफ तिच्याकडं न बघताच म्हणायचा, "नजर." लगेच तिची मान वर. ती समोर बघायची, कधी पाण्यात वाट दाखवणारा तरंगता पिंप दिसला की "हिरवा बोया" म्हणायची, कधी काहीच नाही, आणि पुन्हा बटाटा. थोड्या वेळानं त्याला सांगावंही लागेना. मान आपोआप वर जायची.

बाई हसायला लागल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी विचारलं, हे कधीपासून?

"चालायला लागली तेव्हापासून," रुलोफ म्हणाला. "माझा भाऊ पाइप पेटवायला खाली वाकला, आणि पुलानं त्याच्या केबिनचं छप्पर नेलं. अजून सगळे त्याला उघड्या डोक्याचा म्हणतात."

बाई म्हणाल्या, शाळेत म्हणतात हिचं लक्ष नाही.

"कोण म्हणतं? गेल्या धुक्यात हिनं माझ्याआधी बोया बघितला."

मग बाईंनी त्याला सांगितलं, की तुमची मुलगी पुस्तकातही बोया शोधते, आणि परत खाली येते तेव्हा ओळ हरवलेली असते. रुलोफनं दोन्ही हात सुकाणूवर ठेवले. विचारलं, "मग मी ते म्हणायचं बंद करू?"

"अजिबात नको," बाई म्हणाल्या. "डोळे वर जाऊ देत. हात खाली राहतो का, ते बघू."

पुढचा आठवडाभर त्या करवत चालवत होत्या. लाकडाची पातळ पट्टी, तिच्यात एक फट. फटीतून एकच ओळ दिसली पाहिजे. अंगठ्यानं पट्टी खाली सरकवायची. डोळे वर गेले तरी अंगठा ओळीवर. पहिली पट्टी चिरली. दुसरीची फट तिरकी गेली. माझ्याकडं भिंतीवर चांगली करवत होती, ती मी देऊ केली नाही. त्यांनीही मागितली नाही. वरच्या ओळीतल्या अक्षरांचे पाय फटीत दिसले तर पोर स्वतःलाच दोष देईल, म्हणून त्या पुन्हा पुन्हा कापत राहिल्या. शेवटची सरळ उतरली. मी तिच्यावरून बोट फिरवलं, कुसळ लागलं नाही. वाचायचे कागदही त्यांनी नव्यानं लिहिले. प्रत्येक ओळीत एक गोष्ट पुरी, म्हणजे मान वर जाईल तेव्हा काही लटकत राहायचं नाही.

बार्ज परतीला थांबली तेव्हा सगळं फेनाच्या हातात दिलं. रुलोफला काम दिलं, की तुम्ही 'नजर' म्हणा, आणि ती खाली आली की 'कुठं?' विचारा. तिनं अंगठ्यापासची ओळ वाचायची.

मग ते नदीच्या वरच्या अंगाला, बासेल शहराकडं गेले आणि नदीत बर्फ आलं. बाईंना काहीच कळायला मार्ग नव्हता. त्यांचं कामच तसं. पेरायचं, आणि शेत वाहून जायचं. येणाऱ्या प्रत्येक बार्जवाल्याला त्या विचारायच्या, 'नवी काळजी' भेटली का? एकजण म्हणाला, भेटली. रुलोफ सुकाणूवर बसून 'कुठं, कुठं' ओरडत असतो. म्हाताऱ्याला रस्ता सापडेना की काय?

बाईंनी त्याला दुसरी कॉफी दिली.

ईस्टरच्या आधी 'नवी काळजी' आली, आणि खात्याचे तीदेमान साहेबही आले. शांत माणूस, ओव्हरकोटाची बटणं नीट लावलेली. ऊन पडलं होतं म्हणून शाळेचं दार उघडं होतं. मी बाहेर दोर बांधायच्या खुंटावर बसून पाव खात होतो. ग्रीट पायरीपाशी उभी, रुलोफ तिच्या मागं, टोपी हातात.

फेनानं बाईंचा कागद वाचला. ओळ, मान वर. ओळ, मान वर. एकही चुकली नाही. साहेबांनी मान हलवली. आवाज चढवला नाही. "पाठ केलंय तिनं, बाई. ती कागदाकडं बघतच नाही."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. तुमच्याजवळ असेल ते द्या, म्हणाल्या. साहेबांनी खिशातलं वर्तमानपत्र दिलं.

फेनानं पट्टी ठेवली आणि वाचायला लागली. "बटाट्याचा भाव उतरला महापौरांच्या पत्नीच्या हस्ते सायकल चोरीला." रुलोफ खोकला. साहेबही गालात हसले. फेना थांबली. वर्तमानपत्राचे रकाने अरुंद, आणि बाईंच्या पट्टीची फट लांब. एका फटीत तीन बातम्या. इतकं घासूनपुसून केलेली पट्टी, आणि हे बाईंच्या मनातच आलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. पोरीच्या मदतीला पुढं जाऊ नयेत म्हणून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

ग्रीटनं एक पाय पायरीवर ठेवला.

फेनानं पट्टी उचलून बाजूला ठेवली. वर्तमानपत्र उभं दुमडलं, पुन्हा दुमडलं, एकच रकाना वर राहीपर्यंत. ओळीवर अंगठा टेकवला. मग वाचलं. बटाट्याचा भाव, हळू, अडखळत, एका मोठ्या शब्दापाशी दोनदा मागं जाऊन. दर ओळीला मान वर. अंगठा ओळ सोडून हलला नाही.

बातमी संपेपर्यंत साहेबांनी तिला थांबवलं नाही. मग त्यांनी विचारलं, ही सारखी वर का बघते.

"तिकडं कुणी येतंय का ते बघते, साहेब," रुलोफ म्हणाला.

साहेबांनी यावर विचार केला. म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहू दे बोटीवर. मग मी पुन्हा ऐकेन. ग्रीट पायरीवर खाली बसली.

साहेब गेल्यावर बाईंनी ना शाबासकी दिली, ना खाऊ. त्या फेनासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "घडी घालायचं तुला कुणी शिकवलं?" त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"कुणी नाही. बाबा तसंच वाचतात."

"कुठं?"

"सुकाणूवर."

ग्रीटनं मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. "सुकाणूवर?" ती म्हणाली. रुलोफनं टोपी डोक्यावर घातली आणि इंजिन बघायला हवं असं पुटपुटत बार्जकडं चालता झाला. बाईंनी पट्टी खिशात टाकली आणि लगेच त्या पुठ्ठा शोधायला लागल्या, छोट्या फटीसाठी. मला वाटतं, चूक सापडल्याचा त्यांना आनंदच झाला होता.

दुपारी त्यांचा दोर मीच सोडला. ग्रीटनं वसतिगृहासाठी मुलीचे कपडे भरून ठेवले होते, नव्या लोखंडी ट्रंकेत. बार्ज धक्क्यापासून सुटली तेव्हा ती ट्रंक डेकवर उघडी होती. ग्रीट एकेक कपडा झटकून बाहेर काढत होती आणि फेनाच्या हातात देत होती, खाली परत नेऊन ठेवायला.