मल्चिंगची चंदेरी बाजू

"हा पेपर उलटा कोणी घातला?" गच्चीवर पाय ठेवताच मी ओरडलोच. मी राहतो बंगळूरच्या चामराजपेटेत, मूळचा निपाणीचा, लोकांच्या घरच्या बागा उभ्या करून देणं हा माझा धंदा. सर्जापूर रोडवरच्या या सोसायटीच्या गच्चीत टोमॅटोचे दोन वाफे मीच लावून दिले होते. वर मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायचं प्लास्टिक, एका बाजूने चंदेरी, दुसरीने काळं. चंदेरी बाजू वर ठेवली की ऊन उलटून पानांखाली पडतं. रोग आणणारी पांढरी माशी त्याने बावचळते, सहसा टेकत नाही. इथे काळी बाजू वर आणि पानं पार मुरडलेली.

बाग मीनलताईंची. त्या नागपूरच्या, आयटीतल्या, अगदी रडकुंडीला आलेल्या. सोसायटीच्याच समोरच्या उंच टॉवरमधला सतीश घरून काम करतो. पेपरची तिरीप थेट त्याच्या स्क्रीनवर जायची, कॉलवर समोरच्याचं तोंड दिसेना. त्याने तक्रार केली आणि भिडेखातर ताईंनी पेपर उलटून टाकला. कमिटीने गच्ची एकाच हंगामापुरती दिलेली. पीक आलं नाही तर वाफे जाणार, तिथे कपड्यांच्या दोऱ्या येणार.

माझं डोकं फिरलं. पण भांडून टोमॅटो येत नाहीत. सतीशला वर बोलावलं आणि एक झाड हलवलं. माशांचा पांढरा धुरळा उडाला.

"हे तुमच्या मीटिंगपायी," मी म्हणालो.

गडी सॉफ्टवेअर टेस्टर निघाला. वाकून पानामागून पान बघत बसला. मग म्हणाला, "अण्णा, एका वाफ्यात चंदेरी वर, दुसऱ्यात काळी. टेस्ट करू या."

"आणि तुमचा स्क्रीन?"

"स्वल्प अ‍ॅडजस्ट करतो."

रोगट झाडं उपटली, नवी रोपं लावली. दोन मीटिंगच्या मधे सतीश कॉफी घेऊन गच्चीत, आणि माझ्या फोनवर पानांचे फोटो. मला तर पोरीच्या निकालासारखी धाकधूक. काळ्या वाफ्यात पानं पुन्हा मुरडली. चंदेरीत टोमॅटो असे लगडले की नाचायचंच काय ते बाकी ठेवलं मी. ताई सगळ्या मजल्यांवर वाटत सुटल्या. कमिटीपुढे बोलायला उभा राहिला तो सतीश. गच्ची ताईंकडेच राहिली.

त्या दिवशी त्याच्या घरी कॉफीला गेलो. खोलीत बघतो तर पठ्ठ्याने नुसतं टेबल फिरवलं होतं.

हल्ली पेपर अंथरण्याआधी मी गिऱ्हाइकाला मातीचं नंतर विचारतो. आधी विचारतो, समोरच्या खिडकीत कोण बसतं?