झाकणं

"झाकणावर लिहू नका, झाकणं एकमेकांत बदलतात," असं ती एकदा म्हणाली, आणि पुढची बावीस वर्षं दुसरं काही म्हणायची सवड तिला कुणी दिली नाही.

प्रयोगशाळेत तिला मास्तरीणबाई म्हणत. काही उंदरांच्या पिल्लांत आईबापांकडून आलेल्या दोषामुळे मज्जातंतूंवरचं आवरण, मायेलिन, बनतच नाही. दोन आठवड्यांची झाली की ती लटलट कापू लागतात. अशा पिल्लांच्या मेंदूचे नखाइतके पातळ काप डिशमध्ये तीन आठवडे जगवायचे, हे तिचं काम. घरातही मीठ-साखरेची नावं डब्यांच्या अंगावर. नवरा म्हणायचा, "माझ्याही अंगावर चिकटव एकदा."

या खेपेला बारा डिश होत्या. सगळे काप आजारी पिल्लांचे. सहांत नवं औषध, सहांत नुसता पोषक द्रव. रविवारी तिनं सुट्टी घेतली. द्रव बदलायला प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, स्वतः आले.

सोमवारी तिनं काप रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली सात डिशमध्ये आवरणाच्या हिरव्या रेषा उमटल्या होत्या. मग तिचं लक्ष नावांकडे गेलं.

"सर, डिशच्या बुडाला लिहिलेली नावं कुठं गेली?"

"स्पिरिटनं पुसली गेली हो. मी झाकणांवर लिहिली परत."

"आणि द्रव बदलताना झाकणं एकेक काढलीत ना?"

"बाराही एकदम! तुम्ही अर्धा दिवस घालवता, मी वीस मिनिटांत उरकलं."

"म्हणजे कोणतं झाकण कोणत्या डिशवर गेलं, ते आता कळायचं नाही."

"अहो, एवढं काय त्यात? ज्यांत आवरण दिसतंय, त्या औषधाच्या. सोपं आहे."

"औषधानं आवरण येतं का, हेच तर बघायचं होतं."

"आलंय की! दिसतंय ना?"

"सातांत दिसतंय. औषध सहांत होतं."

"एकीत चुकून गेलं असेल. दुपारी बैठक आहे, मास्तरीणबाई. लिहा: औषध लागू पडलं."

औषध खरंच लागू पडलं असेलही. तेच तिला जास्त छळत होतं. या कापांसाठी आठ पिल्लं तिनं स्वतःच्या हातानं मारली होती, आणि ती कशासाठी गेली हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. सांगता येणार होती फक्त थाप.

"लिहिताय ना?" सरांनी वही तिच्यापुढं सरकवली.

तिनं वही बाजूला केली. बाराही झाकणं काढली, एकदम. प्रत्येक डिश ब्लीचच्या बादलीत उपडी केली. सर "अहो, अहो" करत उठले तोवर शेवटची बुडाली होती. तिनं हातमोजे उतरवले, डगला खुंटीला लावला, आणि ती दारातून बाहेर पडली.