दाराजवळची जागा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

मी प्राथमिक शाळेत बाई होते. भोकरदन तालुक्यातलं एक खेडं, ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस. पहिलीचा वर्ग माझ्याकडे. पोरांनी थुंकी लावून पाटी पुसलेली मला बिलकुल खपायची नाही. म्हणून घरची स्पंजाची उशी फाडली, तुकडे करून पोरांना वाटले, म्हटलं, ओला करा अन् पुसा. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. केवढा तोरा होता मला त्याचा!

त्या वर्गात सुजाता होती. बौद्धवाड्यातली. आई, शांताबाई, रोजानं शेतात जायची. पोरगी मोठी चुणचुणीत, सगळ्यांच्या आधी हात वर. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्याजवळून वास यायला लागला. काय सांगू तो वास — कोपऱ्यात उंदीर मरावा तसा. पोरं सरकून बसायला लागली. आणि मी? मी तिला दाराजवळ बसवलं, चपलांपाशी. एकटीला.

शांताबाईला बोलावणं धाडलं. ती कामाचा खाडा करून आली. म्हणाली, "रोज न्हाऊ घालते हो बाई मी तिला." मी ऐकून घेतलं नाही. लिंबाचा पाला टाकून आंघोळ घाला, कपडे उकळा, असं चारचौघांत सुनावलं. पाटलाची पोर असती तर असं बोलले असते का? नाही. आधी दवाखान्यात न्या, म्हणाले असते. हे तेव्हाही मला कळत होतं, आणि तरी मी बोलले.

त्यानंतर सुजाता भर थंडीत ओल्या केसांनी यायची. घासून घासून हात लाल झालेले. वास मात्र तसाच. तिच्या डाव्या नाकपुडीखाली पू वाळलेला असायचा — फक्त डाव्या. मला रोज दिसायचं ते. "नाक पूस," म्हणून ओरडायची आणि तोंड फिरवायची.

पण खरी गोष्ट अजून आलीच नाही. बघा, अजूनही जीभ अडतेय.

संक्रांतीनंतर पोरांची तपासणी करायला सरकारी डॉक्टर आले. सुजाताची पाळी आली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही. एकेक नाकपुडी दाबून तिला श्वास सोडायला लावला, खाली हात धरून बघितला. मग मला म्हणाले, "लहान पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण येत असली, तर आत काही अडकलंय का हे आधी बघायचं असतं, बाई." शांताबाईला शेतातून बोलावून आणलं. तिनं पोरीला मांडीवर घट्ट धरलं. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि वाकड्या टोकाच्या सळीनं हळूच ओढून काढलं काहीतरी — काळपट, लिबलिबीत. वाटीत धुतलं. स्पंज होता. माझ्या उशीचा.

मग त्यांनी विचारलं, "हे आत गेलं कधी? कुणाला बोलली न्हाई का ही?"

बोलली होती हो. मला बोलली होती. दिवाळीच्या आधी, वर्ग चालू असताना. मी दाराशी उभी राहून शेजारच्या वर्गाच्या बाईंशी साड्यांचं बोलून राह्यले होते. सुजातानं माझा पदर ओढला. "बाई, नाकात गेलं." मी म्हणाले, "शिंकर अन् गप जागेवर बस." ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग जाऊन बसली.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणाले, "न्हाई. मला काहीच बोलली न्हाई."

शांताबाईनं पोरीच्या थोबाडीत मारली. "सांगायला काय झाल्तं गं तुला? गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाई माही!" नाकातून अजून रक्त येत होतं. सुजाता रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी बोलेन, असं वाटलं असेल का तिला? वाटलंच असेल. पहिलीतलं लेकरू ते. बाई खरं बोलतात, असंच समजत असणार.

मी तोंड फिरवलं. मग तीच आईला म्हणाली, "इसरले मी."

दुसऱ्या दिवशी वास गेलेला. मी तिला पुढं बोलावलं. ती पाटी घेऊन दाराजवळच जाऊन बसली. त्या वर्षी तिनं पुन्हा हात वर केला नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

डॉक्टर येऊन गेले त्याच दिवशी संध्याकाळी शांताबाई माझ्या खोलीवर आली होती. पदरात हुरडा बांधून आणला होता. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "लई तरास झाला बाई तुम्हाला माह्या पोरीचा. माफी करा."

मी हुरडा घेतला. म्हणाले, "असू द्या. झालं गेलं."

मी तिला माफ केलं.