चेन नवी, दाते जुने

आम्हा दोघा भावांत एकच मोटारसायकल होती. घर पोलादपूरजवळ, काम महाडच्या औद्योगिक वसाहतीत, दोघेही एकाच कारखान्यात कंत्राटी. रात्री सुटल्यावर परतायला एसटी नाही, म्हणून ठरलेलं: ज्याची दुसरी पाळी, त्या आठवड्यात गाडी त्याची. सोमवारी किल्लीबरोबर वहीही द्यायची. चेन कधी धुतली, तेल कधी दिलं, ताण किती ठेवला, मागच्या चाकाचे रबर कधी बदलले, सगळं मी तिच्यात तारखेसह लिहीत असे. काम झालं की पुढे खूण.

गेल्या दिवाळीआधी मी लिहिलं: चेन आणि पुढचं-मागचं दातेरी चक्र, तिन्ही एकदम बदलणे. मागचे दाते झिजून मांजराच्या नखांसारखे वाकले होते. अशा दात्यांवर नवी चेन बसत नाही, जोर पडला की उडी मारते. आठवडा धाकट्याचा होता, म्हणून काम त्याच्याकडे.

त्याच आठवड्यात कारखान्यात कायम करण्यासाठी चाचणी लागली. माझी गुरुवारी, त्याची शुक्रवारी. आठवडा त्याचा असला तरी गुरुवारी गाडी मी न्यायची ठरलं. वयाच्या अटीत मी जेमतेम बसत होतो. पुन्हा संधी नव्हती.

बुधवारी विचारलं, "गाडीचं झालं का?"

"झालं ना दादा. नवीकोरी चेन हाय."

"आणि चक्रं?"

"सगळं झालं रे! तुझी वही म्हंजे पोलीस ठाण्याची डायरी हाय का?"

आई हसली. मीही हसलो आणि वहीत खूण केली. चेनवरचं झाकण चार स्क्रूंचं. उघडलं नाही.

गुरुवारी महामार्गावरच्या चढाला मागून कटकट सुरू झाली. गिअर कमी केला तोच चेन उतरून चाकात अडकली. झाकण काढलं. आत नवी, चकचकीत चेन आणि तेच वाकलेले दाते. हात दाखवला तर कोणी थांबेना. शेवटी एका टेम्पोवाल्याने घेतलं. पोचलो तेव्हा चाचणी सुरू होऊन तास झाला होता. दारावरचे साहेब म्हणाले, "काका, बाकीचे वेळेवर आले ना?"

शुक्रवारी धाकटा एसटीने गेला. पास झाला.

पेढे घेऊन आला तेव्हा मी विचारलं, "चक्रं का नाही बदललीस?"

"दुकानात नव्हती. पुढच्या आठवड्यात टाकणार होतो."

"मग झालं का म्हणालास?"

"तू लय खोदतोस म्हणून. आणि एवढं कळतं तर झाकण उघडून बघायचं ना!"

आता त्याला कंपनीची बस आहे, मोटारसायकल माझ्या एकट्याची. चक्रं मी त्याच रविवारी बदलली, अर्धा तासही लागला नाही. पाळी सुटताना तो बसच्या खिडकीतून हात करतो. मी हेल्मेटचा पट्टा लावत बसतो, वर बघत नाही. झाकणाचं तो बोलला ते खरं होतं. खोटं बोलला ते मी कधीतरी माफ करीन. ते खरं अजून माफ होत नाही.