आठ काढ, रेघ मार

...न्हाई, ते खोडू नगं. ऱ्हाऊ दे तसंच. "नीला खोटं बोलली" असंच लिही. तुजी आत्या आसली म्हनून काय झालं? माज्या पोटची हाय ती. मी सांगते तेच लिहायचं, इमल.

तू काल आली न्हाईस म्हनून सांगते. रहाटणीला तिच्या शाळंत पाव्हनं आलतं. नीलाच्या वर्गातली एवढी एवढी पोरं चिंचोक्याच्या ढिगातनं चार-चार चिंचोकं काढीत व्हती आन भागाकार करून दावीत व्हती. पाव्हनं खूश. त्यांनी इचारलं, बाई, ही रीत कुठनं आनली? तर तुजी आत्या लाजून म्हनली, "ट्रेनिंग कॉलेजात शिकले." टाळ्या पडल्या. शाल दिली, नारळ दिला. माज्या हातातला च्या तसाच गार झाला. मला तितंच उठून बोलायचं व्हतं, पर चार लोकांत लेकीची लाज कशी काढू? म्हनून आता लिहून घे. ही रीत कस्तुराची हाय.

कस्तुरा म्हंजी पिंपरीच्या चाळीतली आमची शेजारीन. भिंतीला भिंत. तिकडं तिनं डाळीला फोडनी दिली तर शिंका मला यायच्या. नवऱ्यामागं एकली. कंपनीत प्रेसवर व्हती, तितं उजव्या हाताची दोन बोटं गेली, मग तिला पॅकिंगला टाकली. बोल्टाखाली घालत्यात ती भोकाची चकती, वायसर, ती डब्यात भरायची. ढिगातनं मोजून काढायची, डबा भरला की टेबलावर खडूनं एक रेघ मारायची. शाळा तिनं बाहेरनंसुदिक बघितली न्हवती. आकडं वळखायची, ते डब्यांवरचं बघून बघून. आन हसरी किती! म्हनायची, अक्का, दोन बोटं कंपनीला दिली, आठ माज्याकडं शिल्लक हायत, कंपनीपरीस मीच शिरीमंत.

तवा नीला चौथीत व्हती. सासष्टचं साल आसंल. तिला आठाचा पाढा काय केल्या येत न्हवता, आन पाढा न्हाई तर भागाकार न्हाई, असं उद्धवराव मास्तरांचं म्हननं. रोज पट्टी उभी धरून बोटांच्या पेरावर मारायचं. पोरगी ताटात हात घालताना कळवळायची. वर तुज्या आजोबांनी सांगून टाकलेलं, आवंदा नापास झाली की शाळा बंद, घरी ऱ्हाऊन बारकी पोरं सांभाळायची. मी काय बोलनार? मला तरी कुठं येत व्हता भागाकार?

कस्तुरानं एका रविवारी कंपनीनं खराब म्हनून टाकून दिलेली वायसरं परातीत वतली आन नीलाला पुढ्यात बसवली. चोवीस व्हती. म्हनली, "आठ काढ, रेघ मार. पुन्यांदा आठ काढ, रेघ मार." परात रिकामी झाली. रेघा किती? तीन. "झाला तुजा भागाकार. पाढा गेला उडत." नीला तिच्याकडं बघतच ऱ्हायली. मग रोज कामावनं आली की खोचलेला पदर बी न सोडता कस्तुरा तिला घिऊन बसायची. दोन महिनं. सुट्टी न्हाई.

आन चाचनी झाली. नीला रडत आली, पाटी छातीशी धरून. पयलं गनित व्हतं पन्नास भागिले आठ. सा वेळा, उरलं दोन. बरोबर. दुसरं, चौतीस भागिले सा. तिनं लिवलेलं सा वेळा, उरलं काय न्हाई. मास्तरांनी सगळ्या वर्गाला पाटी दावली आन म्हनलं, चुलीपुढं शिकलं की असं होतं.

कस्तुरानं पाटी बाजूला ठिवली. परात काढली, म्हनली, कसं केलंस ते करून दाव. नीलानं पन्नासाचं केलं, दोन वायसरं उरली. ती परातीत तशीच ठिवून त्यावर चौतीस वतली. छत्तीस झाली!

कस्तुरानं कपाळावर हात मारून घेतला. कंपनीत उरलेला माल टाकत न्हाईत, दुसऱ्या ढिगात घालत्यात. तिनं तेच शिकिवलेलं. वर्षभर पट्टी मारनाऱ्याला जी चूक दिसली न्हाई, ती या बाईनं एका बैठकीत धरली.

दुसऱ्या दिवशी अर्धी पाळी बुडवून ती माज्यासंगं शाळंत आली. मास्तर म्हनलं, बाहेरच थांबा. ती उंबऱ्यापाशी उबी ऱ्हायली.

"गुरुजी, पोरगी चुकली न्हाई. मी चुकीचं शिकिवलं. उरलेलं दुसऱ्या गनितात घालायचं नसतं, हे मला ठावं न्हवतं. आता इचारा तिला."

मास्तर म्हनलं, तुमची किती शाळा झाली? ती म्हनली, काय न्हाई. मग मधी बोलू नका, म्हनलं. माजा हात शिवशिवत व्हता, इमल, आजबी शिवशिवतो. पर कस्तुरानं पदरातली वायसरं उंबऱ्यावर वतली, नीलाला बसवली. तेच चौतीसाचं गनित, पाच वेळा, उरलं चार. सगळा वर्ग मान वाकडी करून बघत व्हता.

मास्तर म्हनलं, "उत्तर बरोबर आहे, पण रीत चुकीची आहे."

"रीत चुकीची तर उत्तर बरोबर कसं आलं, गुरुजी?"

पोरं हसली. मास्तरांनी पट्टी आपटली, पर नीलाला पुन्यांदा मारलं न्हाई. वार्षिकाला तिनं पेपराच्या कडंला बारीक रेघा मारमारून भागाकार केलं, आन पास झाली. शाळा सुटली न्हाई. कस्तुराला मातुर त्या अर्ध्या पाळीपायी कंपनीनं आठ दिस कामावर घेतली न्हाई. तिनं कुनाला सांगितलं बी न्हाई.

म्हनून सांगते, मास्तरांवर माजा राग हाय, पर तुज्या आत्यावर त्याच्या दुप्पट. मास्तरांना कस्तुराची किंमत ठावंच न्हवती. हिला ठावं हाय. उंबऱ्यावर हीच बसली व्हती की! कॉलेजाचं नाव घेतलं की शाल मिळती, आन आठ बोटांच्या बाईचं घेतलं की कमीपना येतो व्हय? कस्तुराला आता नीट दिसत न्हाई, तरी मी पिंपरीला गेले की पयलं इचारती, अक्का, आपली बाई काय म्हनती? नीलाला आपली बाई म्हनती!

हा कागद नीट घडी कर. कोनाड्यात डबा हाय, त्यात तीच वायसरं हायत, गंजली आसतील, पुसून घे. दोन्ही आत्याच्या हातात दे. तिला सांग, उद्या वर्गात चिंचोकं नगं, ही वायसरं काढ, आन पोरांना नाव सांग. पुरं सांग म्हनाव. कस्तुरा रंगराव गायकवाड.